काचा उतरवल्या ते वर्ष

आमच्या घरात जवसाचे दोन वास असत. एक स्वयंपाकघरातला, भाजलेल्या जवसाचा, लसूण आणि लाल तिखटाबरोबर खलबत्त्यात कुटला जाणारा. दुसरा मागच्या ओट्यावरचा, जवसाच्या तेलाचा. खडूच्या भुकटीत हे तेल घालून लांबी मळतात. लांबी म्हणजे चौकटीत काच पक्की बसवायला लावतात तो लगदा. माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे, रेल्वेच्या कारखान्यात छपराच्या काचा बसवायचं काम करत. लांबी मळायला कारखान्यात वेगळा माणूस होता, पण त्याच्या हातची लांबी दादांना कधी पटली नाही. ती सुकली की चिरते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून रविवारी सकाळी आई ओट्यावर पाट टाकून बसायची आणि भाकरीचं पीठ मळावं तशी लांबी मळायची. आई मांजरी गावची, उसाच्या रानात वाढलेली. "माझ्या बापानं मला काचा चिकटवायला दिली व्हय?" असं दर रविवारी म्हणायची आणि दर रविवारी मळायची. दादा गोळा हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघायचे आणि "जमलीय" एवढंच म्हणायचे. तेवढ्यावर तिचा दिवस बरा जायचा. साबणानं कितीही हात धुतले तरी दुपारच्या भाकरीला तो वास थोडासा असायचाच, आणि आज कुठेही जवसाची चटणी पुढ्यात आली की मला जेवणाच्या आधी छप्पर आठवतं.

कारखाना घोरपडीच्या अंगाला, लाइनीला लागून होता. काळ्या दगडाच्या जाड भिंती, खिडक्यांवर अर्धगोल कमानी, कमानींना पिवळसर दगडाची किनार. गोऱ्यांनी राणीच्या राज्यात बांधलेला. दगड इथला, लोखंड विलायतेतून आलेलं. आतले बिडाचे खांब पोकळ होते, त्यांच्या माथ्यावर पानं ओतलेली होती, आणि पायथ्याशी, ज्यांनी ते ओतले त्यांचं नाव फुगीर इंग्रजी अक्षरांत. इंग्रजीची अक्षरं मी आधी त्या खांबांवर बोट फिरवून शिकले, शाळेत नंतर. जमीन लाकडी ठोकळ्यांची, तेल पिऊन काळी झालेली. हातातलं अवजार पडलं तरी त्याची धार जाऊ नये म्हणून तशी केलेली. पण या इमारतीचा खरा जीव होता तिच्या छपरात. बाहेरून बघितलं तर करवत उताणी ठेवल्यासारखं दिसायचं, आणि कारखान्यातले सगळे त्याला करवतच म्हणायचे. त्या करवतीच्या प्रत्येक दाताची एक बाजू कौलांची आणि दुसरी, उत्तरेकडे तोंड केलेली, काचांची. उत्तरेकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. त्या उजेडात माणसाच्या हाताची सावली त्याच्याच कामावर पडत नाही, हे दादांनी मला मी लहान असतानाच सांगितलं होतं.

बायकामुलांना कारखान्यात जायची परवानगी वर्षातून एकाच दिवशी, खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून सजवलेली असायची. प्रत्येक कामगार आपल्या यंत्रापाशी बायकोमुलांना घेऊन उभा, पेढ्याचा पुडा हातात. आमच्या घरी बुद्धवंदना असायची, पूजाअर्चा नव्हती. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. त्यामुळे दादा हळदकुंकवाला हात लावत नसत. पण खंडेनवमीच्या आधीचा सगळा आठवडा ते छपरावर असायचे. एकूण एक काच आतून बाहेरून धुऊन काढायचे. खाली आरत्या चालायच्या, यंत्रांवरचं पितळ झळकायचं, लोक म्हणायचे यंदा काय शोभा आलीय. ती शोभा वरून येतेय हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. माझी मैत्रीण नसीम आणि मी, आमचा त्या दिवशीचा एक ठरलेला खेळ होता. भर दुपारी त्या लाकडी जमिनीवर उभं राहून आपापली सावली शोधायची. ती सापडायची नाही. आम्ही हात पसरायचो, एका पायावर उभ्या राहायचो, उड्या मारायचो. सावली नाहीच. नसीमचे अब्बा लेथवर होते. ते आम्हाला पेढा देत म्हणायचे, सावली गेटवर ठेवून यावी लागते, तिला पास नाही.

परवा एका रविवारी मी तो कारखाना बघायला गेले होते. म्हणजे हल्ली पुण्यात जुन्या इमारती दाखवायच्या फेऱ्या निघतात, तशा एका फेरीत नाव घातलं होतं. माझी पन्नाशी आता उलटली, नोकरीतून मी वेळेआधी निवृत्ती घेतली, आणि रविवार काही केल्या संपत नाही. माहिती सांगणारी मुलगी चुणचुणीत होती. कमानी, बिडाचे खांब, करवती छप्पर, सगळं तिनं छान समजावलं. मग वर बोट दाखवून म्हणाली, "या सगळ्या पत्र्यांच्या जागी ओरिजिनली ग्लास होती, पण ओव्हर द इयर्स ती फुटत गेली." लोकांनी माना वर करून फोटो काढले. मी तशीच निघाले. घरी येऊन चहा ठेवला, तो उतू गेला, आणि मग हे लिहायला बसले.

काचा फुटत गेल्या नव्हत्या. त्या माझ्या वडिलांनी उतरवल्या. मी बारावीला होते ते वर्ष.

कारखाना बंद होणार अशी कुजबुज किती तरी आधीपासून होती. वाफेची इंजिनं गेली, मग डब्यांची कामं दुसरीकडे गेली. पेपरात रोज नव्या आर्थिक धोरणाबद्दल छापून यायचं, नाक्यावरच्या पानपट्टीत त्याचा अर्थ लावला जायचा आणि शेवटी सगळे एकच म्हणायचे, आपलं काही खरं नाही. पुढे हुकूम आला. माणसं कमी केली नाहीत, बदल्या केल्या. कुणी मिरजेला, कुणी भुसावळला, कुणी आणखी कुठे. चाळीसारख्या ओळीत बांधलेले आमचे दगडी क्वार्टर एकेक करून रिकामे व्हायला लागले. सामान भरलेला टेंपो निघाला की मागं राहिलेले सगळे दारात उभे राहून हात हलवायचे. आधी खूप हात असायचे, मग कमी झाले. नसीम गेली त्या दिवशी हलवायला आमच्याच घरचे हात होते. तिच्या अम्मीनं आईला शीरखुर्म्याचं मोठं पातेलं देऊन टाकलं. इतक्या माणसांचा शीरखुर्मा आता कोण करणार, म्हणाली. आईनं ते पातेलं घेतलं आणि आत जाऊन रडली. मी रडले नाही. मी नसीमच्या रिकाम्या खोलीत जाऊन तिची झोपायची जागा बघून आले, तिथे फरशीवर एक हेअरपिन पडली होती.

आम्ही मागं राहिलो त्याचं कारण काचा. कारखान्यातली यंत्रं लिलावात गेली होती, आता काचाही विकल्या होत्या. त्यांच्या जागी पत्रे येणार होते, कारण रिकाम्या इमारतीच्या काचा कुणी दगड मारून फोडल्या आणि तुकडे खाली पडले तर भानगड नको. काचा पावसाळ्याच्या आत उतरवायच्या होत्या आणि ते काम जाणणारा माणूस एकच उरला होता. दादांची बदली पुण्यातच व्हायची होती, ती लांबली. मदतीला त्यांना सखाराम नावाचे एक वयस्कर खलाशी, म्हणजे रेल्वेतले मदतनीस, दिले. संपूर्ण वसाहतीत एक गेटवरचा शिपाई, आमच्या ओळीच्या टोकाला राहणारे सखारामकाका, आणि आम्ही तिघं, एवढीच माणसं.

पहिल्यांदा मला वाटलं, बरंय, शांतपणे अभ्यास होईल. पण शांतता म्हणजे काय ते तोवर मला ठाऊक नव्हतं. आमचं घर भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला आई तवा ठेवायची, दुसऱ्याला दादांचा डबा बांधलेला असायचा, दुपारच्या भोंग्याला मी शाळेतून आलेली असायचे. तो भोंगा कायमचा थांबला तेव्हा पहिले काही आठवडे घरात सगळ्यांचं सगळं चुकायला लागलं. आई स्वयंपाकघरात उभी राहायची, तवा हातात घेऊन, ऐकत. मग म्हणायची, "वाजणार न्हाई आता," आणि ठेवायची. दिवसभर ऐकू यायची ती रिकाम्या क्वार्टरांची दारं. कुणी कड्या नीट लावल्या नव्हत्या, वारा सुटला की ओळीतलं एक दार आपटायचं, मग दुसरं. मला रोज वाटायचं, कुणी तरी आलं. गाडी जायची तेव्हा बरं वाटायचं, कारण खिडकीत माणसं दिसायची. त्यातल्या एखाद्या लहान मुलानं हात हलवला तर मी पुस्तक टाकून उठून हात हलवायचे. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी मी असले उद्योग करत होते.

संध्याकाळी मी सायकलवरून नारायण पेठेत कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. त्या वर्षी पुण्यात बघाल त्या जिन्याच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लासची पाटी होती. मामानं फी भरली होती. मांजरीला त्याच्या उसाच्या शेजारच्या रानात इमारती उठायला लागल्या होत्या आणि त्याला जगाचा रोख लवकर कळला होता. कर्वेनगरात त्यानं आमच्यासाठी दोन खोल्याही बघून ठेवल्या होत्या, भाड्याच्या, पण खाली वाण्याचं दुकान आणि समोर कॉलेजच्या मुलींचं होस्टेल. मी त्या खोल्या एकदा बघून आले होते. जिन्यात चपलांचा ढीग, कुणाच्या तरी घरी केबलवर गाणी लागलेली, वरच्या मजल्यावरची बाई खाली ओरडून कोथिंबीर मागतेय. मला तिथून हलावंसं वाटेना. त्यानंतर वर्षभर माझ्या मनात एकच गोष्ट होती: आपण तिथे कधी जाणार. आणि त्याचं उत्तर एकाच गोष्टीवर अवलंबून होतं. दादांच्या काचा कधी उतरून होतात.

तर दादा सावकाश काम करत होते. जुनी लांबी दगडासारखी घट्ट झालेली असते. बाकी कुणीही छिन्नी मारून, काच फुटली तर फुटली, असं म्हणून मोकळा झाला असता. दादा एक लोखंडी पट्टी शेगडीत तापवायचे आणि चौकटीच्या कडेनं ती हळूहळू फिरवायचे. पट्टी कमी तापली तर लांबी सुटत नाही, जास्त तापली तर काच तडकते. लांबी मऊ झाली की ती पट्टीनंच सोलायची, मग काच दोन्ही तळव्यांवर घेऊन खाली द्यायची. दादा बांबूंच्या वरच्या परांचीवर, सखारामकाका खालच्या परांचीवर. काच देताना दादा विचारायचे, "धरली?" खालून "धरली" असं उत्तर आल्याशिवाय ते हात सोडत नसत. हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. घरीसुद्धा तसंच. गरम पातेलं देताना, मी तान्ही असताना मला आईच्या हातात देताना, "धरली?" विचारायचे, आणि आई म्हणायची, "न्हाई, सोडते आता खाली." उतरवलेल्या काचा भिंतीशी लाकडी घोड्यांवर उभ्या रचलेल्या, दोन काचांमध्ये वर्तमानपत्र आणि गवत. जुन्या काचा त्या, थोड्या हिरवट, आतमध्ये बारीक बुडबुडे आणि लहरी. त्यातून पलीकडचं बघितलं की खांब पाण्यात असल्यासारखे हलायचे.

संध्याकाळी आई विचारायची, "आज किती दात काढले डॉक्टरांनी?" दादा म्हणायचे, अर्धा. कधी म्हणायचे, आज पट्टी नीट तापलीच नाही. दर पंधरवड्याला रेल्वेचा साहेब येऊन जायचा, हे काय चाललंय म्हणून विचारायचा, आणि दादा त्याला सांगायचे, मुलीची बारावी आहे साहेब, मध्येच क्वार्टर सोडलं तर तिचं वर्ष जाईल. साहेब भला माणूस असावा. तो माझ्याकडे बघून मान हलवायचा आणि जायचा. माझा तेव्हा ऊर भरून यायचा. मला वाटायचं, केवढं हे माझ्यासाठी करतायत, आणि मी बेचैन झाले तरी तक्रार करायची नाही असं ठरवायचे.

परीक्षा झाली. दादांचं काम मात्र तसंच. एप्रिल गेला. क्लासमधल्या मुली पुढच्या कोर्सला नावं नोंदवत होत्या. साहेब आला तेव्हा दादांनी त्याला मुलीचा निकाल लागायचा आहे असं सांगितलं. मी दारामागे उभी होते. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हे माझ्यासाठी नव्हतंच. माझं नाव पुढं करून त्यांनी वेळ काढला होता. मला इतका राग आला की त्या रात्री मी जेवले नाही. आई ताट घेऊन आली. तिला हे आधीपासून ठाऊक होतं. तिच्या पद्धतीनं ती म्हणाली, "तुझी परीक्षा काय संपत न्हाई बघ. मॅट्रिकपासनं परत सुरू करायची का?" मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा चहा पीत होते तेव्हा मी म्हणाले, "दादा, माझी परीक्षा संपली. आपण कधी जायचं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "थोडं राहिलंय, सुजा."

"थोडं म्हणजे किती? तुम्हाला इथंच राहायचंय. तुम्हाला काचा हव्यात, आम्ही नको."

ते उठले. टोपी घेतली आणि कामावर गेले. सुजाता हे माझं पूर्ण नाव, घरात कुणी ते उच्चारत नसे. त्या दिवसानंतर काही दिवस दादा मला सुजाता म्हणत राहिले.

मेच्या मध्यावर सखारामकाकांना मोकळं केलं, तेही आपल्या बदलीच्या गावी गेले. करवतीचा एकच दात राहिला होता, उत्तरेकडचा शेवटचा. मदतीला माणूस नाही, म्हणून ते काम थांबलं. दादा रोज जात मात्र होते. काय करतात म्हणून आईनं एकदा डबा द्यायच्या निमित्तानं जाऊन बघितलं. ते त्या राहिलेल्या काचा धूत होते.

त्याच आठवड्यात ट्रक आला. ज्यानं काचा विकत घेतल्या होत्या त्याची माणसं होती, बनियन घातलेली, बहुतेक बाहेरगावची. ट्रकचा आवाज ऐकून मी बाहेर धावले, कारण आमच्याकडे काहीही येणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. दादा गेटपाशी उभे होते. त्यांनी त्या माणसांना आत नेलं, घोडे दाखवले, कसं उचलायचं, कुठून धरायचं, कागद काढू नका, काच आडवी ठेवू नका, सगळं समजावून सांगत होते. त्यांच्या मनात काय होतं ते मला आता कळतं. दादांची समजूत अशी होती की ज्यानं इतक्या काचा घेतल्या त्याला कुठे तरी त्या बसवायच्या असतील. दुसऱ्या एखाद्या कारखान्याला, शाळेला, कुणाच्या बंगल्याला. काच विकली म्हणजे ती बसवायला विकली. काचा बसवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याच्या डोक्यात दुसरी शक्यता येणारच नव्हती, आणि त्याला ती सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती.

त्या माणसांनी पहिला घोडा उचलला, ट्रकच्या कडेला नेला आणि आत उलटा केला. आवाज झाला. त्यानंतर एक जण ट्रकमध्ये चढला आणि ज्या काचा अर्ध्या उभ्या राहिल्या होत्या त्यांच्यावर पहारीनं मारायला लागला. फुटलेल्या काचा ट्रकमध्ये जास्त मावतात. भट्टीत जाणार होत्या, वितळून त्यांच्या बाटल्या होणार होत्या. भंगारात काच अशीच जाते, हे मी नंतर कुणाकुणाकडून ऐकलं. त्या वेळी मला इतकंच दिसत होतं की ते दुसरा घोडा आणत आहेत. मग तिसरा. मी कान झाकून घेतले. नंतर कान काढले, कारण दादा काय करतील याची मला भीती वाटली. ते धावून जातील, ओरडतील, रडतील, काहीही. दादा ट्रकजवळ गेले. पहार घेतलेल्या माणसाकडे वर बघत म्हणाले, "हाताला काही तरी गुंडाळा. कापेल."

त्या माणसानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दादांनी आपल्या खांद्यावरचं काचा पुसायचं फडकं काढून त्याच्याकडे टाकलं आणि घरी आले. ओट्यावर बसले. संध्याकाळ होईपर्यंत तो आवाज येत राहिला. आईनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं, ते जेवले, सगळं ताट स्वच्छ करून. मी त्यांच्यासमोर बसले होते. एवढ्या मोठ्या ओसाड वसाहतीत मी एकटी आहे, एकटी आहे, असं मी वर्षभर म्हणत आले होते. पण मला कर्वेनगर होतं, क्लास होता, चपलांनी भरलेला तो जिना होता. दादांकडे त्या छपराशिवाय काहीही नव्हतं, आणि त्याबद्दल बोलावं असं माणूसही नव्हतं. आम्ही एका घरात राहून एकमेकांना कळू न देता एकटे होतो. मला त्यांचा राग यायचा थांबला तो त्या जेवणाच्या वेळी.

सकाळी आईनं भाकऱ्या नेहमीपेक्षा लवकर केल्या. पदर खोचला, डोक्याला फडकं बांधलं आणि दादांना म्हणाली, "अहो, चला. राहिलेला दात काढून टाकू. खाली घ्यायला मी हाय, ही हाय." दादांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं ते म्हणतील, आता कशाला, फोडून टाकतील नाही तरी. कुणीही म्हणालं असतं. ते शेगडी पेटवायला गेले.

गेटवरच्या शिपायानं आम्हाला अडवलं नाही. खंडेनवमी सोडून दुसऱ्या दिवशी मी आत जायची ती पहिलीच वेळ. यंत्रं गेलेली, त्यांच्या जागी जमिनीवर फिकट चौकोन. उघड्या दातांतून आत पारव्यांनी संसार थाटले होते. दादा वरच्या परांचीवर चढले, मी खालच्या, आई जमिनीवर घोड्यापाशी कागद आणि गवत घेऊन. दादांनी पट्टी तापवली, कडेनं फिरवली, लांबी सोलली. जितका वेळ आधी लावायचे तितकाच लावला. पहिली काच त्यांनी माझ्याकडे दिली तेव्हा मला धडकी भरली, ती दिसते त्यापेक्षा जड होती. "धरली?" वरून आवाज. "धरली," मी म्हणाले. आई खालून म्हणाली, "दे बाई लवकर, माझा हात काय सरकारी न्हाई." असं दिवसभर चाललं. मधे भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली, लाकडी जमिनीवर बसून. एकही काच फुटली नाही. त्या सगळ्या परत ट्रकमध्ये जाणार होत्या, पहार घेतलेला तो माणूस परत त्यांच्यावर चढणार होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दुपार कलली तेव्हा आत ऊन आलं. उत्तरेकडून ऊन येत नाही हे खरं, पण आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात सूर्य थोडा उत्तरेला सरकतो आणि सकाळ-संध्याकाळी तिरपा आत डोकावतो. विलायतेतल्या नकाशात हे बसलेलं नव्हतं. तेवढे दिवस तिथे गोणपाटं लावायचे, असं दादा म्हणाले. आता गोणपाटं नव्हती. लांब खाली जमिनीवर आमच्या सावल्या पडल्या. वर दादांची, मधे माझी, आईची आखूड. लहानपणी ज्या जमिनीवर मी सावली शोधत उड्या मारल्या होत्या तिथेच ती पडली होती. मला नसीमची फार आठवण झाली.

शेवटची काच उरली. दादांनी तिची लांबी सोलली, काच मोकळी केली आणि तळव्यांवर घेतली. त्यांनी ती लगेच दिली नाही. फडकं आदल्या दिवशी देऊन टाकलं होतं, म्हणून त्यांनी शर्टाच्या बाहीनं ती पुसली, आधी एका बाजूनं, मग फिरवून दुसऱ्या. मग खाली माझ्याकडे सरकवली.

"धरली, सुजा?"

"धरली."

ते हात सोडेनात. काचेच्या वरच्या कडेला त्यांची बोटं, खालच्या कडेला माझी, आणि मधल्या लहरींमधून त्यांचा चेहरा हलताना दिसत होता. खाली आई काही बोलली नाही. मी पुन्हा म्हणाले, "धरली, दादा. सोडा तुम्ही."

आणि त्यांनी सोडली.